पाटी, वास आणि ताट: ई-थ्री २०१८, मुक्काम कोथरूड

ई-थ्री म्हणजे व्हिडिओ गेमचा मोठा मेळा, कंपन्या तिथे आपले नवीन गेम जाहीर करायच्या. ते होतं लॉस एंजेलिसला आणि मी ते बघायला गेलो सांगलीहून पुण्याला. हसून घ्या. पण २०१८ ला आमच्या घरी नेटची अवस्था अशी होती की ट्रेलर बघायचा तर जेवायच्या आधी लावून ठेवायचा आणि हात धुवून आल्यावर बघायचा, लाईव्ह वगैरे विषयच नाही. कोथरूडला माझा मामेभाऊ, म्हणजे दादा, दोन पोरांबरोबर फ्लॅटवर राहायचा, तिथे ब्रॉडबँड, बत्तीस इंची टीव्ही आणि सेकंडहँड पीएस-फोर, म्हणजे सोनीचं गेमचं मशिन. आईला सांगितलं क्लासची चौकशी करायला चाललोय. आणि ती मी खरंच केली, बुधवारी, दहा मिनिटं.

शनिवार, ९ जून

आदल्या दिवसापासून एसटीचा संप, त्यामुळे निम्मी सांगली कोयना एक्सप्रेसमध्ये. कराडपर्यंत मी एका पायावर, साताऱ्याला दुसरा पाय टेकला आणि जेजुरी गेल्यावर बसायला मिळालं ते पण एका आजोबांच्या गाठोड्यावर, त्यांना विचारून. बाहेर पावसाची भुरभुर चालू झालेली. स्टेशनवरून बस पकडून कर्वे रोडला आलो तर मेट्रोचे पत्रे लावलेले, बस त्या पत्र्यांच्या बाजूने मुंगीसारखी. दादाच्या बिल्डिंगच्या गेटवर पाटी होती: "रात्री दहानंतर बेल वाजवू नये. वाजवल्यास ती वाजली असे आम्ही मानणार नाही." म्हणलं चला, बरोबर पत्त्यावर आलो.

फ्लॅट पहिल्या मजल्यावर, खाली मालक काका-काकू. वर दादा, एक सोलापूरचा आणि एक नागपूरचा. नावं होती त्यांना पण कोणी वापरायचं नाही, सोलापूर आणि नागपूर एवढंच. सोलापूर दिवसरात्र मोबाईलवर पबजी खेळायचा, तेव्हा ते नुकतंच आलेलं आणि सगळ्या पुण्यात हीच साथ होती.

दादाने वही काढली. दरवर्षी जूनमध्ये तो ही वही काढायचा म्हणे. तीन रकाने. पाटी म्हणजे नुसतं गेमचं नाव आणि लोगो, दुकानाचा बोर्ड लावलाय, आत अजून पोपडे. वास म्हणजे चकाचक ट्रेलर, बघून तोंडाला पाणी सुटतं पण खेळताना काय दिसणार ते कळत नाही. आणि ताट म्हणजे गेमप्ले, समोर वाढलेलं. दादाचं म्हणणं असं की ह्या कंपन्या आपल्याला वासावर जेवायला घालतात आणि आपण वर ढेकर पण देतो.

रात्री साडेअकराला ईए ह्या गेम कंपनीचा शो. तिकडे सकाळचे अकरा. आपल्यात नि त्यांच्यात साडेबारा तासांचा फरक, हे गणित चार दिवसात मला पाढ्यासारखं पाठ झालं. बॅटलफिल्ड फाईव्हमध्ये पण बॅटल रॉयल, म्हणजे पबजीसारखं शेवटी उरेल तो जिंकला, येणार असं सांगितलं तेव्हा सोलापूरने फोनमधून मान वर केली, "ह्यांनी पण?" म्हणला आणि परत विमानातून उडी मारायला गेला. फिफा १९ मध्ये चॅम्पियन्स लीग येणार म्हणल्यावर मात्र चौघं पण ओरडलो, कारण त्या फ्लॅटमध्ये फिफा हा गेम नव्हता, ती राज्यघटना होती, भांडी कोण घासणार ते त्याच्यावर ठरायचं.

मग स्टार वॉर्स. निवेदिका चालत प्रेक्षकांमध्ये गेली, तिथे रिस्पॉन ह्या गेम स्टुडिओचे व्हिन्स झँपेला खुर्चीत बसलेले, त्यांनी बसल्या जागी सांगितलं की गेमचं नाव जेडाय फॉलन ऑर्डर आणि पुढच्या वर्षअखेरीस येईल. संपलं. व्हिडिओ नाही, चित्र नाही, माणूस खुर्चीतून उठला पण नाही. आता हे वहीत कुठे लिहायचं? पाटी पण नव्हती ना. पाच मिनिटं वाद होऊन दादाने चौथा रकाना आखला: तोंडी.

नंतर कमांड अँड काँकर ह्या जुन्या, भारदस्त नावाचा मोबाईल गेम दाखवला आणि स्टेजवर दोघांना खेळायला बसवलं, त्याची कॉमेंट्री वगैरे. नागपूर लहानपणी कॅफेत तासाला वीस रुपये देऊन तो मूळ गेम खेळलेला, तो काही बोलला नाही, उठून पाणी प्यायला गेला. शेवटी अँथम, बराच वेळ, उडणारे चिलखती सूट, तारीख २२ फेब्रुवारी २०१९. दादाने ठळक अक्षरात ताट लिहिलं.

इथे एक कबूल करतो. दादाची पद्धत पहिल्याच रात्री फसली होती, फक्त ते कळायला वर्षं गेली. तोंडी रकान्यातला फॉलन ऑर्डर नोव्हेंबर २०१९ ला बोलल्याप्रमाणे आला आणि झकास निघाला. ठळक अक्षरातलं अँथम पण वेळेवर आलं आणि लोकांनी असं टाकलं की २०२१ मध्ये कंपनीने ते सुधारायचं कामच सोडून दिलं.

रविवार, १० जून

सकाळी सिंहगडला जायचं ठरलेलं, पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही, सगळं ठरलेलं. बाराला उठलो. गॅलरीतून सिंहगडाच्या दिशेला बघितलं, ढग होते. संध्याकाळपर्यंत फिफा, मी तीनदा भांडी घासली.

रात्री दीडला मायक्रोसॉफ्ट. तारखेने सोमवार लागलेला पण झोपलो नाही तोपर्यंत रविवारच धरायचा. आणि हा शो काय पळवला राव त्यांनी, पन्नासच्या वर गेम, एकाचं नाव लिहीपर्यंत दुसरा चालू. हेलो इन्फिनिट, वास. ओरी, ताट, आणि असं सुंदर की वहीत लिहायचं विसरलो. सेकिरो आला तेव्हा नागपूर सरळ उभाच राहिला, डार्क सोल्सवाले आता जपानी तलवार घेऊन येतायत म्हणल्यावर त्याला बसवेना. डेव्हिल मे क्राय फाईव्ह, गिअर्स फाईव्ह, डाईंग लाईट टू. फोर्झा होरायझन फोरला मात्र सगळे गप्प बसून बघत होतो, ब्रिटनचे रस्ते आणि त्यावर बदलणारे ऋतू, तेच तळं उन्हाळ्यात पाण्याचं आणि हिवाळ्यात गोठलेलं, की गाडी सरळ त्याच्यावरून पलीकडे. नागपूर म्हणला आमच्याकडे केला असता तर पैसे वाचले असते त्यांचे, एकच ऋतू.

माझ्या मते त्या रात्रीची खरी बातमी मात्र गेमची नव्हतीच. मायक्रोसॉफ्टच्या गेम विभागाचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर मध्येच येऊन सांगून गेले की अनडेड लॅब्ज, प्लेग्राउंड, निंजा थिअरी आणि कंपल्शन हे चार स्टुडिओ त्यांनी घेतले आणि द इनिशिएटिव्ह नावाचा पाचवा नवीन काढला. सोलापूरला वाटलं हे काय बोअर, पण दादा वहीवरून हात उचलून म्हणला, अरे भाजी नाही घेतली, मळाच घेतला ह्यांनी. पुढच्या काही वर्षात बेथेस्डा आणि मग ॲक्टिव्हिजन ह्या गेम कंपन्या पण त्यांनी घेतल्या तेव्हा मला ते मळ्याचं वाक्य आठवलं.

आता राऊटर. हे मी आजपर्यंत सोलापूरला ऐकवतो. शेवटी स्पेन्सर निरोपाचं बोलत होते, थँक्यू वगैरे, आणि अचानक पडदा फाटल्यासारखा झाला, आवाज तुटला, स्क्रीनवर कसलीतरी अक्षरं. सोलापूर म्हणला "गेलं नेट!" आणि आम्ही कोणी काही बोलायच्या आत उठून त्याने राऊटरचं बटन बंद करून चालू केलं. तर नेट गेलेलं नव्हतं. तो शोचाच भाग होता, हॅक झाल्याचं नाटक, आणि त्याच्यामागून सायबरपंक २०७७ चा ट्रेलर, ज्याची सगळं जग पाच वर्षं वाट बघत होतं. आमच्याकडे तेव्हा राऊटरचे हिरवे दिवे एकेक करून लागत होते. चार मिनिटं. दादा त्या दिव्यांकडे बघत होता ती नजर मी कधी विसरणार नाही. परत चालू झालं तेव्हा स्टेज रिकामं आणि लोक बाहेर पडत होते. ट्रेलर मग फोनच्या पाच इंची स्क्रीनवर चौघांनी डोकी भिडवून बघितला. त्याच आठवड्यात तिकडे पत्रकारांना बंद दाराआड त्याचं जवळपास पन्नास मिनिटांचं गेमप्ले दाखवलं, म्हणजे ताट होतं, पंगत वेगळी होती. आपल्याला ते ऑगस्टअखेर मिळालं आणि गेम डिसेंबर २०२० ला, तो कसा चुकांनी भरलेला आला ते सगळ्यांना माहितीय.

साडेतीनला झोप उडालेलीच होती म्हणून दोन गाड्यांवर चौघं नळस्टॉपला गेलो. पहाटे तिथे पोहे मिळतात, आणि ते खाणाऱ्यांची गर्दी बघून वाटतं पुणं झोपतं हे कोणी सांगितलं. कॉल सेंटरवाले, रिक्षावाले, अभ्यासिकेतली पोरं, एक जण लग्नाच्या शेरवानीत. सोलापूरने सगळ्यांचे पैसे दिले, न सांगता.

सोमवार, ११ जून

सकाळी सातला बेथेस्डा. डोळे चुरचुरतायत, पण स्कायरिम, फॉलआउट बनवणारे टॉड हॉवर्ड म्हणल्यावर झोपायचं कसं. डूम इटर्नल, वास. स्कायरिम हा गेम ते प्रत्येक मशिनवर परत परत विकतात म्हणून स्वतःचीच टिंगल केली, अलेक्सावर आवाजाने खेळायचा स्कायरिम, हसून मेलो. फॉलआउट ७६, पूर्ण ऑनलाईन, फॉलआउट फोरच्या चौपट जागा, १४ नोव्हेंबरला. इथे दादा पहिल्यांदा नाराज दिसला, म्हणला फॉलआउटमध्ये मी माणसं टाळायला जातो आणि हे तिथे पण माणसं सोडणार.

मग अगदी शेवटी स्टारफील्ड, पाटी. आणि लगेच, एक डोंगराळ प्रदेश, वरून कॅमेरा सरकतोय, ओळखीचे सूर, आणि अक्षरं उमटली: द एल्डर स्क्रोल्स सिक्स, म्हणजे स्कायरिमच्या पुढचा भाग. जेमतेम अर्धा मिनिट. आम्ही जे ओरडलो ते डेक्कनपर्यंत गेलं असणार. नागपूरने उशी फेकली ती पंख्याला लागली.

दारावर थाप. मालक काका, बनियनवर, हातात दुधाची पिशवी.

"कोणाची विकेट पडली?"

"काका विकेट नाही, ते, नवीन गेम जाहीर झाला."

काकांनी टीव्हीकडे बघितलं. दादाने तोच तुकडा परत लावून दाखवला, मोठ्या अपेक्षेने. डोंगर, ढग, अक्षरं.

"हं. हा डोंगर. पुढे?"

"पुढे एवढंच."

"कधी येणार आहे?"

"ते नाही सांगितलं."

"ह्यात करायचं काय असतं?"

"ते पण नाही सांगितलं अजून."

काका दोन क्षण थांबले. "मग ओरडलात कशाला?" असं म्हणले आणि आमच्या उत्तराची खरोखर वाट बघत उभे राहिले, रागाने नाही, माहिती हवी म्हणून. चौघांपैकी एकालाही काही सुचलं नाही. दूध तापवायचंय म्हणून ते गेले. दादाने वहीत पाटी लिहिलं आणि त्याला दोन रेघा मारल्या.

दुपारी उठून कॅम्पात गेलो, एका दुकानात सप्टेंबरच्या स्पायडरमॅनचं पाचशे भरून बुकिंग केलं. पूर्ण किंमत चार हजाराला एक रुपया कमी. माझं मेसचं महिन्याचं बिल तेव्हा अठ्ठावीसशे होतं. म्हणजे आदल्या रात्री ज्या पन्नास गेमवर आम्ही नाचलो त्यातले आमच्या घरात येणार होते वर्षाला दोन, फार तर तीन, आणि ते पण चौघात एक सीडी, दादाचं राज्य संपलं की नागपूर, मग सोलापूर, मग मी सुट्टीत आलो तर. येताना बसमध्ये ह्याचा मी थोडा हिशोब केला आणि सोडून दिला.

रात्री साडेदहाला स्क्वेअर एनिक्स, अर्धा तास, विसरलो. दीडला युबिसॉफ्ट. सुरुवात अशी की रस्त्यावरून बँड वाजवत, नाचत मंडळी निघाली, पुढे एक पांडा, आणि तशीच थिएटरात घुसली. सरळ सरळ वरात. जस्ट डान्स ह्या नाचाच्या गेमचं होतं ते. आणि नागपूर म्हणला बघा बघा, हे आपल्या पुण्याचं आहे. खरंय की, युबिसॉफ्टचा स्टुडिओ पुण्यात २००८ पासून आहे आणि जस्ट डान्सवर इथल्या लोकांनी काम केलंय, पण सांगलीत बसून मला हे माहीतच नव्हतं, मला वाटायचं गेम हे परदेशात बनतात आणि आपल्याकडे सीडीवर येतात. लॉस एंजेलिसच्या स्टेजवर पांडा नाचतोय आणि त्यातलं काही थोडं आपल्या बसच्या रूटवरच्या कुठल्यातरी ऑफिसात टाईप झालंय, हे डोक्यात बसायला वेळ लागला. दादा नुसता म्हणला, क्लासची चौकशी बुधवारी करणार आहेस ना, ह्याची पण कर.

असॅसिन्स क्रीड ओडिसी, ग्रीस, ताट, ५ ऑक्टोबर. स्कल अँड बोन्स, समुद्री चाचे, ताट. (हे ताट २०२४ च्या फेब्रुवारीत आलं. गार.) डिव्हिजन टूमध्ये मी झोपलो.

मंगळवार, १२ जून

सहा वाजून वीस मिनिटांनी थाप. परत काका, ह्यावेळी शर्ट घालून, पेपर घेऊन.

"आज कितीला ओरडणार आहात?"

दादा म्हणला साडेसहाला चालू होतंय काका, सोनीचं. काका म्हणले झोपमोड होणारच आहे तर बघून तरी घेतो, आणि खुर्ची ओढून बसले. पेपरात पहिल्या पानावर ट्रम्प आणि किम. नागपूर चहा टाकायला पळाला.

सुरू झालं तर स्टेजवर एक माणूस बँजो घेऊन एकटा बसलेला. गुस्तावो सांतावलाया, द लास्ट ऑफ असचं संगीत त्यांचं. मला बँजो म्हणलं की गणपतीची बँजो पार्टी आठवते, हे वेगळंच, एकेक सूर सोडून सोडून. काका दरवर्षी सवाई गंधर्वला जाणारे, त्यांनी पेपर खाली ठेवला. मग द लास्ट ऑफ अस टू, नाचाच्या कार्यक्रमात दोन मुलींचं चुंबन, त्यावेळी काकांनी चहाच्या कपात फार बारकाईने बघितलं, आणि तिथून एकदम जंगल, धनुष्य, गळे चिरणं. "सकाळी सकाळी?" एवढंच म्हणले.

त्यानंतर सोनीने काय केलं तर सगळ्या प्रेक्षकांना उठवून दुसऱ्या हॉलमध्ये न्यायला सुरुवात केली, कारण पहिला हॉल मुद्दाम त्या गेममधल्या नाचाच्या जागेसारखा सजवलेला. तोपर्यंत घरी बघणाऱ्यांसाठी टेबलाभोवती गप्पा. दादा चिडला, काका म्हणले मध्यंतर आहे, चिडायचं काय त्यात, आणि खाली जाऊन काकूंनी केलेला उपमा घेऊन आले. तेवढ्यात बरोबर पुढचं सुरू झालं, स्टेजवर एक जण बांबूची जपानी बासरी वाजवतोय, शाकुहाची, आणि त्याच्यामागून घोस्ट ऑफ सुशिमा. पांढरं गवत, वारा, घोडा, लाल पानं उडतायत आणि त्यात तलवारीचं द्वंद्व. कोणी ओरडलं नाही. काका म्हणले ह्याचा श्वास मोठा आहे. बासरीवाल्याचा.

डेथ स्ट्रँडिंग आलं. नॉर्मन रीडस हा नट पाठीवर ओझं घेऊन चाललाय, दगडातून, नदीतून, डोंगरावरून, नुसता चाललाय. हे ताट की वास यावर आमचं जुंपलं, चालणं हा गेमप्ले धरायचा का, नागपूर म्हणत होता हा गेम बनवणारा कोजिमा काहीतरी मोठं लपवतोय, ह्यात तत्त्वज्ञान असणार. काका उपमा खात म्हणले, "हा कुरिअरवाला आहे का?"

आम्ही हसलो. दीड वर्षाने गेम आला. कुरिअरवालाच होता.

शेवटी स्पायडरमॅन. माझे पाचशे तिथे अडकलेले म्हणून डोळे फाडून बघितला, आणि वसूल झाले. काका जाताना विचारून गेले, "तो कालचा डोंगरवाला आज नाही का?"

रात्री साडेनऊला निन्टेंडो. अर्ध्याहून जास्त वेळ स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट हा मारामारीचा गेम, आजवरच्या सगळ्या स्मॅशमधली सगळी पात्रं परत येणार, एकेकाचे बारीकसारीक बदल, कोणाच्या टोपीचा रंग काय. त्यांचं स्विच हे मशिन तेव्हा भारतात अधिकृतपणे विकायलाच नव्हतं, आमच्यातल्या कोणी हातात पण धरलेलं नाही, तरी शेवटपर्यंत बघितलं. शेजारच्या लग्नाचा अल्बम बघतात तसं.

बुधवार, १३ जून

संप मिटलेला, स्वारगेटवरून सरळ सांगली एसटी, खिडकी मिळाली. त्याआधी क्लासची ती दहा मिनिटं, माहितीपत्रक घेतलं पुरावा म्हणून. आणि दादाने सांगितलेली दुसरी चौकशी पण केली, नागपूरचा एक मित्र गेम टेस्टिंगला होता त्याच्याशी फोनवर बोललो. तो म्हणला दिवसभर एकाच भिंतीवर उड्या मारायच्या, कुठून आरपार जाता येतं का बघायला. हे ऐकून माझा उत्साह कमी व्हायला पाहिजे होता.

वही दादाने मला देऊन टाकली, अजून आहे. वास सगळ्यात जास्त, दोन पानं. तोंडी एकच.

पुढच्या वर्षी सोनी ई-थ्रीला आलंच नाही, २०२० ला कोरोना, २०२१ ला सगळं ऑनलाईन, मग दोन वर्षं रद्द, आणि १२ डिसेंबर २०२३ ला त्यांनी जाहीर केलं की कायमचं बंद, १९९५ पासून चालू असलेलं. फ्लॅट त्याच्या आधीच सुटला होता. दादा आता बाणेरला, वहिनी पण फिफा खेळतात आणि दादा भांडी घासतो. पण दिवाळीला तो कोथरूडला काका-काकूंना फराळ द्यायला जातो आणि काका दरवर्षी गेटपर्यंत सोडायला येतात, पाटीपाशी थांबतात आणि विचारतात,

"तो डोंगरवाला आला का रे?"

"नाही काका अजून."

"स्टारफील्ड आला ना पण?"

नाव त्यांना बरोबर आठवतं. काकू म्हणतात पेपरात वाचून ठेवतात.